गिल्बर्ट ब्रिग्ज

गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज (इ.स. १८९० – इ.स. १९७८) हे लाऊडस्पीकरनिर्मितीच्या क्षेत्रातील एक ब्रिटिश उद्योजक, लेखक आणि व्याख्याते होते. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात त्यांनी इ.स. १९३२ मध्ये 'व्हार्फडेल वायरलेस वर्क्स' हा उद्योग सुरू केला. वाळू भरलेल्या उघड्या फलकावर बसवलेला तीन एककांचा लाऊडस्पीकर, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील जाहीर प्रात्यक्षिके आणि सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली ध्वनिविषयक पुस्तके या तीन कार्यांमुळे ते ओळखले जातात. बंद पेटीऐवजी उघड्या फलकावर, म्हणजेच 'ओपन बॅफल'वर, बसवलेल्या लाऊडस्पीकरचे गुण आणि त्याच्या खर्जातील मर्यादा यांच्या इतिहासात ब्रिग्ज यांच्या कामाला महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वायुष्य

ब्रिग्ज यांचा जन्म यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड शहराजवळ क्लेटन येथे झाला. ब्रॅडफर्ड हे त्या काळी लोकरी कापडाचे जगातील एक प्रमुख केंद्र होते. त्या परिसरातील बहुसंख्य कुटुंबांप्रमाणे ब्रिग्ज यांचाही चरितार्थ कापडधंद्याशी जोडला गेला. तारुण्यातील आणि मध्यम वयातील दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी कापडाच्या व्यापारात घालवला. भौतिकशास्त्राचे किंवा विद्युत अभियांत्रिकीचे विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. संगीताची, विशेषतः पियानोची, आवड मात्र त्यांना उपजत होती आणि ती आयुष्यभर टिकली. पियानोच्या स्वराचा पोत त्यांच्या कानात इतका पक्का बसलेला होता, की पुढे कोणत्याही लाऊडस्पीकरची परीक्षा ते प्रथम पियानोच्या ध्वनिमुद्रणावर घेत.

इ.स. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ब्रॅडफर्डच्या कापडधंद्याला मोठा तडाखा बसला. ज्या व्यवसायावर भरवसा ठेवून माणसांनी आयुष्य काढले होते, तोच डळमळू लागला. याच सुमारास रेडिओ मात्र घरोघरी पोहोचत होता. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रक्षेपण इ.स. १९२२ मध्ये सुरू झाले होते आणि हौशी मंडळी स्वतःचे रेडिओसंच घरीच जुळवत होती. ब्रिग्ज हे अशा हौशी मंडळींपैकीच एक होते. चाळिशी ओलांडल्यावर, जुन्या धंद्याचे भवितव्य अंधारलेले असताना, त्यांनी आपल्या छंदालाच व्यवसायाचे रूप देण्याचे ठरवले.

व्हार्फडेलची स्थापना

ब्रिग्ज यांचे घर त्या वेळी इल्कली या गावी होते. व्हार्फ नदीच्या खोऱ्याला व्हार्फडेल असे म्हणतात आणि इल्कली त्याच खोऱ्यात वसले आहे. इ.स. १९३२ मध्ये घराच्या तळघरात त्यांनी आपले पहिले लाऊडस्पीकर तयार केले आणि उद्योगाला खोऱ्याचेच नाव दिले. ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीने घेतलेल्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरांनी पहिले आणि दुसरे अशी दोन्ही पारितोषिके मिळवली. या यशामुळे मागणी येऊ लागली आणि इ.स. १९३३ मध्ये ब्रॅडफर्ड परिसरात छोटासा कारखाना उभा राहिला. कंपनीची वाढ सावकाश, पण स्थिर गतीने झाली. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तिची वार्षिक विक्री सुमारे ९,००० एककांपर्यंत पोहोचली होती. महायुद्धानंतर ब्रॅडफर्डमधील आयडल या भागात तिचा कारखाना होता.

इ.स. १९४५ मध्ये व्हार्फडेलने दोन एककांचा लाऊडस्पीकर तयार केला. त्यात खर्जासाठी एक आणि तार स्वरांसाठी दुसरे अशी स्वतंत्र एकके होती. त्यांच्यामध्ये वारंवारतेनुसार विद्युत संकेताची विभागणी करणारे 'क्रॉसओव्हर' मंडल होते. हे मंडल इतके अवजड होते, की ते उचलायला दोन माणसे लागत, असे सांगितले जाते. शंकूच्या कडेला कागदाच्याच वळ्या न ठेवता कापडाची किंवा फोमची मऊ किनार लावणे, हे व्हार्फडेलच्या एककांचे वैशिष्ट्य ठरले. अशा किनारीमुळे शंकू अधिक मोकळेपणाने हलतो आणि त्याची नैसर्गिक अनुस्पंदन वारंवारता खाली येते. उघड्या फलकाच्या दृष्टीने या गोष्टीला पुढे विशेष महत्त्व आले.

फलकाची गरज : पार्श्वभूमी

फिरत्या वेटोळ्याच्या लाऊडस्पीकरमध्ये कागदी शंकू पुढे-मागे हलतो. शंकू पुढे सरकला, की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकरच्या दोन्ही बाजूंनी ध्वनी बाहेर पडतो, परंतु त्या दोन ध्वनितरंगांची कला परस्परविरुद्ध असते. स्पीकर नुसताच हवेत टांगला, तर कमी वारंवारतेच्या स्वरांच्या बाबतीत पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागच्या विरळ हवेकडे धावते आणि दोन्ही तरंग एकमेकांना नाहीसे करतात. परिणामी तार स्वर ऐकू येतात, पण खर्ज जवळजवळ लोप पावतो.

या घटनेचे मूळ स्पष्टीकरण लाऊडस्पीकरच्या जन्मापूर्वीचे आहे. ब्रिटिश गणिती जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी इ.स. १८६८ मध्ये कंप पावणारी वस्तू भोवतालच्या वायूला आपली कंपने कशी देते, याचा अभ्यास मांडला. ताणलेली तार एकटी फार क्षीण आवाज करते, याचे कारण तारेच्या एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला सहज सरकते. तंतुवाद्यांना लाकडी ध्वनिफलक किंवा भोपळा लागतो तो याचसाठी. ब्रिग्ज यांना प्रिय असलेल्या पियानोचा ध्वनिफलकही हेच काम करतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी इ.स. १९२५ मध्ये आधुनिक फिरत्या वेटोळ्याच्या लाऊडस्पीकरचा पाया घातला, तेव्हा शंकूभोवती रुंद फलक असण्याची आवश्यकता त्यांनीही ओळखली होती. या फलकालाच बॅफल म्हणतात.

फलक जितका मोठा, तितका मागच्या तरंगाला पुढे येण्यासाठी लांबचा वळसा घ्यावा लागतो आणि तितका खर्ज अधिक खालपर्यंत टिकतो. आदर्श फलक अमर्याद असेल. घराच्या भिंतीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवला आणि त्याची मागची बाजू शेजारच्या खोलीत सोडली, तर ही स्थिती जवळपास साध्य होते. परंतु प्रत्येक घरात हे शक्य नसते. म्हणून निर्मात्यांपुढे दोन मार्ग उरतात. एक, मागचा तरंग पेटीत कोंडणे. दुसरा, मर्यादित आकाराच्या उघड्या फलकावर समाधान मानून त्याच्या उणिवा कमी करणे. ब्रिग्ज यांनी दोन्ही मार्ग दीर्घकाळ पारखून पाहिले.

वाळूभरला फलक

लाऊडस्पीकरच्या पेटीसंबंधी ब्रिग्ज यांची मुख्य तक्रार अशी होती, की पेटी स्वतःच वाजू लागते. पातळ लाकडाच्या बाजू शंकूच्या कंपनांमुळे थरथरतात आणि मूळ ध्वनीत स्वतःचा असा एक घुमारा मिसळतात. पुरुषाच्या बोलण्याला छातीतून आल्यासारखा अनैसर्गिक जडपणा येतो, तो बऱ्याचदा या थरथरीमुळे. यावर उपाय म्हणून ब्रिग्ज यांनी वजनाचा आश्रय घेतला. विटांनी बांधलेली कोपऱ्यातील स्थिर पेटी हा त्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग होता. वीट थरथरत नाही. मात्र अशी पेटी एकदा बांधली, की जागेवरून हलवता येत नाही.

त्यानंतरचा व्यवहार्य मार्ग म्हणजे वाळूभरला फलक. प्लायवुडच्या दोन तक्त्यांमध्ये पोकळी ठेवून तिच्यात कोरडी वाळू भरली जाते. फलक कंप पावू लागला, की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होऊन विरून जाते. जाड लाकडाच्या अखंड फळीपेक्षा हे अवमंदन पुष्कळच प्रभावी असते, कारण नुसती जड फळीही आपल्या विशिष्ट वारंवारतेला वाजतेच. वाळू पूर्ण कोरडी असणे आणि सांधे घट्ट असणे एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

या तत्त्वावर व्हार्फडेलने १९५०च्या दशकात 'एसएफबी/३' हा लाऊडस्पीकर बाजारात आणला. नावातील अक्षरे 'सँड फिल्ड बॅफल' या शब्दांची आद्याक्षरे असून ३ हा आकडा एककांची संख्या दर्शवतो. १२ इंची एकक खर्जासाठी, १० इंची एकक मध्य सप्तकांसाठी आणि ३ इंची एकक तार स्वरांसाठी अशी योजना होती. तार स्वरांचे छोटे एकक समोर न रोखता वरच्या दिशेला तोंड करून बसवलेले होते. त्यामुळे तीव्र स्वर थेट कानावर न आदळता खोलीत पसरून येत. मागची बाजू उघडी होती. फलकाची उंची आणि रुंदी प्रत्येकी एका मीटरपेक्षा कमी ठेवल्यामुळे तो सामान्य दिवाणखान्यात मावत असे. खर्चाच्या, वजनाच्या आणि जागेच्या दृष्टीने विटांच्या पेटीपेक्षा हा फलक सोयीचा होता आणि त्याच्या ध्वनीचा मोकळेपणा अनेक श्रोत्यांना भावला.

उघड्या फलकाचे गुण

उघड्या फलकाचा पहिला गुण म्हणजे पेटीच्या दोषांपासून मुक्तता. बंद पेटीत मागचा तरंग आतल्या भिंतींवर आपटून परततो आणि पातळ कागदी शंकूतून काही काळाने बाहेर झिरपतो. उघड्या फलकात हे घडत नाही. तसेच पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे वागून शंकूची अनुस्पंदन वारंवारता वर ढकलते. उघड्या फलकात अशी स्प्रिंग नसल्यामुळे एकक आपल्या मूळच्या खालच्या वारंवारतेलाच काम करते. मऊ किनारीच्या एककांचा लाभ येथे पूर्णपणे मिळतो.

दुसरा गुण ध्वनीच्या दिशेशी संबंधित आहे. असा स्पीकर पुढे आणि मागे सारख्याच जोराने, परंतु विरुद्ध कलेत, ध्वनी सोडतो. दोन्ही बाजूंच्या काटकोनात, म्हणजे फलकाच्या पातळीत, हे तरंग एकमेकांना छेद देतात आणि तेथे आवाज जवळजवळ शून्य होतो. वरून पाहिल्यास ध्वनीच्या पसाऱ्याचा आकार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो. समोरच्या रेषेपासून ६० अंशांवर ध्वनिदाब निम्मा भरतो. सर्व दिशांना सारखा ध्वनी सोडणाऱ्या स्पीकरच्या तुलनेत, समोर तेवढाच आवाज मिळत असताना, खोलीत सांडणारी एकूण ध्वनिऊर्जा सुमारे एक तृतीयांशच असते. त्यामुळे बाजूच्या भिंतींवरून येणारी परावर्तने कमी होतात, खोलीतील खर्जाची गुणगुण आटोक्यात राहते आणि वाद्यांचे स्वर परस्परांपासून स्पष्ट वेगळे ऐकू येतात.

तिसरा गुण मागच्या तरंगाचा आहे. तो मागच्या भिंतीवरून परतून श्रोत्यापर्यंत थोड्या विलंबाने पोहोचतो. स्पीकर भिंतीपासून १ मीटर पुढे असेल, तर हा तरंग सुमारे २ मीटर जास्त अंतर कापतो आणि जवळपास ६ सहस्रांश सेकंदाने मागाहून येतो. एवढा विलंब कानाला दोष म्हणून जाणवत नाही, उलट ध्वनीला खोली आणि विस्तार असल्याचा भास होतो. मात्र स्पीकर भिंतीला अगदी चिकटवला, तर हा लाभ नाहीसा होतो.

खर्जातील मर्यादा

उघड्या फलकाची खरी अडचण खर्जात आहे आणि ती भौतिकशास्त्राच्या नियमातूनच उद्भवते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी ३.४ मीटर आणि ५० हर्ट्झच्या स्वराची ६.८ मीटर भरते. फलकाची बाजू तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असावी, असा स्थूल नियम लावला, तर ५० हर्ट्झपर्यंत पूर्ण खर्ज मिळवण्यासाठी ३.४ मीटर बाजूचा चौरस फलक लागेल. डबल बास या वाद्याचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, तर पियानोचा २७.५ हर्ट्झचा असतो. पियानोच्या त्या स्वरासाठी याच हिशोबाने ६ मीटरहून मोठा फलक हवा. दिवाणखान्यात हे अर्थातच अशक्य आहे.

१ मीटर बाजूच्या फलकाला हाच नियम लावल्यास मर्यादा १७० हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या खाली आवाज एकदम थांबत नाही, तर प्रत्येक सप्तकाला सुमारे ६ डेसिबल या दराने उतरत जातो. दोन सप्तके खाली, म्हणजे ४२ हर्ट्झच्या जवळ, ही तूट सुमारे १२ डेसिबल होते. एककाच्या अनुस्पंदन वारंवारतेच्या खाली तर उतार सप्तकाला १८ डेसिबल इतका तीव्र होतो. जमिनीवर टेकलेल्या फलकाला जमिनीचा आधार मिळतो, कारण खालच्या कडेवरून तरंगाला वळता येत नाही. तरीही तूट पूर्णपणे भरून निघत नाही.

ही तूट विद्युत मार्गाने भरून काढायची म्हटले, तर शंकूला अधिक हलावे लागते. बंद पेटीतील स्पीकरला एक सप्तक खाली तेवढाच आवाज देण्यासाठी शंकूचे विस्थापन चौपट करावे लागते. उघड्या फलकावर ते आठपट करावे लागते. दोन सप्तकांसाठी हा गुणक ६४ होतो. त्यामुळे मोठ्या व्यासाची किंवा एकापेक्षा अधिक खर्ज-एकके वापरावी लागतात. शिवाय शंकूच्या मागे हवेची उशी नसल्याने अतिशय खालच्या वारंवारतेला तो अनिर्बंध डोलू लागतो. तबकड्यांच्या काळात ही बाब त्रासदायक होती. तबकडीचा बाक आणि फिरत्या यंत्राची घरघर यांमुळे ऐकू न येणारी, पण शंकूला हलवणारी मंद कंपने अँप्लिफायरपर्यंत पोहोचत असत.

आणखी एक दोष मध्य सप्तकात आढळतो. एकक फलकाच्या अगदी मध्यभागी असेल आणि सर्व कडा त्याच्यापासून सारख्या अंतरावर असतील, तर ज्या वारंवारतेची तरंगलांबी त्या अंतराएवढी असते, त्या ठिकाणी समोरच्या आवाजात खळगा पडतो. एकक मध्यापासून थोडे बाजूला बसवले, म्हणजे कडांची अंतरे वेगवेगळी होतात आणि हा खळगा पसरून उथळ होतो.

व्हार्फडेलच्या रचनेत या मर्यादांशी तडजोड केलेली होती. कमी अनुस्पंदन वारंवारतेचे १२ इंची एकक वापरल्यामुळे त्याच्या अनुस्पंदनाचा सौम्य उठाव फलकाच्या उताराला काही प्रमाणात आधार देत असे. घरात ऐकण्याच्या माफक आवाजाला हे पुरेसे होते. सर्वांत खालच्या सप्तकाचा पूर्ण भार मात्र मोठ्या, जड पेट्यांनाच उचलता येत असे. म्हणूनच व्हार्फडेलने उघड्या फलकाबरोबर कोपऱ्यातील पेट्यांचीही निर्मिती चालू ठेवली.

रॉयल फेस्टिव्हल हॉलमधील प्रात्यक्षिके

लाऊडस्पीकरचा ध्वनी प्रत्यक्ष वाद्याच्या किती जवळ जातो, हे जाहिरातीतून सांगण्यापेक्षा लोकांसमोर तपासावे, असे ब्रिग्ज यांचे मत होते. इ.स. १९५४ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पहिले मोठे प्रात्यक्षिक आयोजित केले. हे सभागृह इ.स. १९५१ मध्ये खुले झाले होते आणि त्यात सुमारे ३,००० श्रोते बसू शकत. घरगुती वापरासाठी बनवलेले स्पीकर एवढ्या मोठ्या जागेत ठेवणे ही धाडसाची गोष्ट होती. मंचावर कलावंत प्रत्यक्ष वादन करीत आणि त्याच वादनाचे ध्वनिमुद्रण स्पीकरवरून ऐकवले जाई. दोहोंतील फरक श्रोत्यांनी आपल्या कानांनी ठरवायचा असे.

या कार्यक्रमांत ब्रिग्ज यांना 'क्वाड' अँप्लिफायरचे निर्माते पीटर वॉकर यांचे साहाय्य लाभले. दोघे व्यवसायाने वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रमुख होते, तरी एका मंचावर एकत्र काम करीत. सूत्रसंचालन बहुधा ब्रिग्ज स्वतः करीत आणि यॉर्कशरच्या कोरड्या विनोदाची त्यांच्या बोलण्याला जोड असे. प्रयोगाला अपेक्षेपेक्षा मोठा प्रतिसाद मिळाला आणि पुढील वर्षांत त्याची पुनरावृत्ती झाली. इ.स. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असे प्रात्यक्षिक झाले. या कार्यक्रमांमुळे उच्च प्रतीच्या ध्वनिपुनरुत्पादनाचा विषय हौशी मंडळींच्या वर्तुळाबाहेर पडून सामान्य संगीतप्रेमींपर्यंत पोहोचला.

ग्रंथलेखन

ब्रिग्ज यांनी वयाच्या ५७व्या वर्षाच्या सुमारास लेखनाला आरंभ केला. 'लाऊडस्पीकर्स' हे त्यांचे पहिले पुस्तक इ.स. १९४८ मध्ये व्हार्फडेलनेच प्रकाशित केले. इ.स. १९५८ पर्यंत त्याची पाचवी आवृत्ती निघाली. त्यानंतर 'साउंड रिप्रॉडक्शन' (१९४९), 'पियानोज, पियानिस्ट्स अँड सॉनिक्स' (१९५१), एच. एच. गार्नर यांच्यासह लिहिलेले 'अँप्लिफायर्स' (१९५२), 'हाय फिडेलिटी' (१९५६), 'स्टिरिओ हँडबुक' (१९५९), 'ए टु झेड इन ऑडिओ' (१९६०), 'ऑडिओ बायॉग्रफीज' (१९६१) आणि 'कॅबिनेट हँडबुक' (१९६२) ही पुस्तके प्रसिद्ध झाली. वाढत्या वयाबरोबर मंदावणाऱ्या श्रवणशक्तीचा विषय त्यांनी 'अबाउट युवर हिअरिंग' (१९६७) या पुस्तकात हाताळला.

या लेखनाचे वैशिष्ट्य त्याच्या सुबोधतेत आहे. अवघड गणित टाळून आलेख, दोलनदर्शकावर टिपलेली छायाचित्रे आणि घरी करून पाहता येतील असे प्रयोग यांच्या आधारे ते विषय उलगडत. फलकाचा आकार बदलला, की खर्ज कसा बदलतो, लाकडाऐवजी वाळू वापरली, की कंपने किती लवकर विरतात, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी मोजमापांसह दिली. स्वतः स्पीकर विकणाऱ्या माणसाने ग्राहकाला घरच्या घरी पेटी किंवा फलक कसा बनवावा हे शिकवणे व्यापाराच्या दृष्टीने उलटे वाटते. प्रत्यक्षात या पुस्तकांमुळे जाणकार ग्राहकांचा एक वर्ग तयार झाला आणि त्या वर्गाने व्हार्फडेलची सुटी एकके मोठ्या संख्येने विकत घेतली.

उत्तरायुष्य

इ.स. १९५८ मध्ये ब्रिग्ज यांनी व्हार्फडेल कंपनी 'रँक ऑर्गनायझेशन' या मोठ्या उद्योगसमूहाला विकली. त्या वेळी ते ६७ वर्षांचे होते. विक्रीनंतरही काही वर्षे ते कंपनीच्या कामकाजात राहिले. त्यांचे तंत्रविषयक सहकारी आणि अनेक पुस्तकांचे तांत्रिक संपादक रेमंड कुक यांनी मात्र इ.स. १९६१ मध्ये व्हार्फडेल सोडून 'केईएफ' ही स्वतःची कंपनी स्थापन केली. पुढे तीही या क्षेत्रातील एक अग्रगण्य कंपनी झाली.

ज्या वर्षी कंपनी विकली गेली, त्याच वर्षी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता प्रत्येक घरात एकाऐवजी दोन स्पीकर लागणार होते. कोपऱ्यात विटांची पेटी किंवा खोलीत मोठा फलक एकदा ठेवता येत होता, तो दोनदा ठेवणे अनेक कुटुंबांना शक्य नव्हते. त्याआधी, इ.स. १९५४ मध्ये, अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी लहान हवाबंद पेटीतून खोल खर्ज काढण्याची पद्धत व्यवहारात आणली होती. पेटीतील हवेची स्प्रिंग ब्रिग्ज यांच्या पिढीला अडथळा वाटत होती, व्हिल्चर यांनी तिचाच उपयोग करून घेतला. पुस्तकांच्या फळीवर मावणारे स्पीकर लोकप्रिय होत गेले आणि वाळूभरले फलक उत्पादनातून हळूहळू बाहेर पडले. व्हार्फडेललाही काळाबरोबर लहान पेट्यांकडे वळावे लागले.

ब्रिग्ज यांचे इ.स. १९७८ मध्ये निधन झाले.

वारसा

बाजाराने उघड्या फलकाकडे पाठ फिरवली, तरी ती कल्पना लुप्त झाली नाही. ब्रिग्ज यांचे मंचावरील सहकारी पीटर वॉकर यांनी इ.स. १९५७ मध्ये स्थिरविद्युत तत्त्वावरचा 'क्वाड' लाऊडस्पीकर विक्रीस आणला. त्यात शंकूऐवजी पातळ पटल असते, परंतु ते पुढे-मागे दोन्हीकडे ध्वनी सोडते. म्हणजेच ध्वनीच्या दृष्टीने तोही उघडा फलकच आहे. मध्य सप्तकांतील स्वच्छतेबद्दल त्याची ख्याती झाली आणि खर्जाची मर्यादाही त्याला वारशाने मिळाली. पुढे अमेरिकेत जिम विनी यांनी 'मॅग्नेपॅन' कंपनीद्वारे उघड्या पटलाचे स्पीकर बनवले. जर्मन वंशाचे अभियंते झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सक्रिय क्रॉसओव्हर, विद्युत समीकरण आणि लांब पल्ल्याची मोठी खर्ज-एकके यांच्या साहाय्याने खर्जातील तूट भरून काढली. ब्रिग्ज यांच्या काळात एका स्पीकरमागे स्वस्त आणि सामर्थ्यवान असे अनेक अँप्लिफायर वापरणे परवडणारे नव्हते. ती साधने उपलब्ध झाल्यावर हा मार्ग पुन्हा खुला झाला.

व्हार्फडेल हे नाव आजही लाऊडस्पीकरच्या बाजारात प्रचलित आहे. ब्रिग्ज यांची पुस्तके जुन्या ग्रंथांच्या संग्राहकांमध्ये आणि स्वतः स्पीकर बनवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये अजूनही वाचली जातात. त्यांतील काही तंत्र कालबाह्य झाले असले, तरी फलकाचा आकार, तरंगलांबी आणि खर्ज यांच्यातील नाते बदललेले नाही. उघड्या फलकावर स्पीकर बसवणाऱ्या प्रत्येकाला पहिला हिशोब आजही तोच करावा लागतो.